शेवळांची भाजी खाऊन घरातल्या सगळ्यांचे घसे खवखवले. शेवळं विषारी असतात का?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकली आहे. कल्याण स्टेशनबाहेरून शेवळांच्या (पावसाच्या तोंडावर रानात उगवणाऱ्या, सुरणाच्या जातीतल्या फुलोऱ्यांच्या) दोन जुड्या आणल्या, व्हिडिओ बघून एका जुडीची भाजी केली, चौघांचेही घसे तासभर खवखवले, धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतलं, दुसरी जुडी फ्रिजमध्ये आहे ती टाकून देऊ का, हे सगळं सविस्तर लिहिलंत. आणि मग कंसात: विकणाऱ्या मावशींनी जुडीबरोबर मूठभर हिरवी फळं फुकट दिली होती, कशाची ते कळलं नाही म्हणून ती टाकून दिली.

अहो, ती काकडं होती! काकड नावाच्या जंगली झाडाची आंबट-तुरट फळं. शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर काकडं देतेच, कारण तिच्या लेखी ती एकच वस्तू आहे. भेळेबरोबर चटणी द्यावी तशीच ती दिलेली, वरची भेट म्हणून नव्हे.

मी कॉलेजात बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आईच्या हाताखाली बसून शेवळं साफ केली. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

विष म्हणावं असं शेवळात काही नाही. सुया आहेत. हे अलंकारिक बोलणं नव्हे. शेवळं, अळू, सुरण ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि या कुळाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार, केसाहून कितीतरी बारीक, लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी. शास्त्रात त्यांना रॅफाइड म्हणतात. ते सुटे नसतात, एकेका खास पेशीत काडेपेटीतल्या काड्यांसारखे जुडगे करून भरलेले असतात. अळूच्या देठाचा पातळ छेद काचपट्टीवर घेऊन पाण्याचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकातून बघा. पेशी पाणी पिऊन फुगते आणि टोकाकडून सुया एकामागून एक बाहेर सुटतात. मुलांना दाखवायचं माझं हे सगळ्यात आवडतं प्रात्यक्षिक होतं. पहिल्याच वर्षी छेद घेऊन झाल्यावर हात न धुता मी तोंडात वेलदोडा टाकला आणि उरलेला तास वर्गाला खुणांनी शिकवला. मुलांना त्या दिवशी रॅफाइड जितके नीट कळले तितके नंतर कधीच कळले नसतील.

पण नुसत्या सुया टोचून एवढी आग होत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक साधासा, पण फार हुशार प्रयोग प्रसिद्ध केला. किवी फळातल्या सुया वेगळ्या काढून त्यांनी एरंडाच्या पानांवर लावल्या आणि ती पानं एरी रेशमाच्या अळ्यांना खायला दिली. अळ्यांना फारसं काही झालं नाही. मग प्रथिनं तोडणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज, तेवढंच लावून दिलं. तेव्हाही फारसं काही झालं नाही. दोन्ही एकत्र लावल्यावर मात्र अळ्या मेल्या. सुई भोक पाडते आणि त्या भोकातून एन्झाइम आत शिरतं. तुमच्या घशात झालं ते थोडक्यात हेच. अननस जास्त खाल्ला की जीभ चरचरते त्यामागेही हीच जोडगोळी आहे. अननसात सुयाही असतात आणि ब्रोमेलेन नावाचं प्रोटिएजही.

यावरून स्वयंपाकाचं बरंचसं कोडं सुटतं. या सुया तुमच्या गॅसच्या आचेवर वितळत नाहीत. तासभर उकळलं तरी सुया त्या सुयाच. उष्णतेने नासतं ते प्रथिन. शिवाय पेशी मऊ होतात, स्टार्च फुगून चिकट होतो, सुया त्या लगद्यात रुतून बसतात. म्हणून या कुळातली भाजी अर्धीकच्ची खायची नसते. 'थोडी करकरीत राहू द्या' हा व्हिडिओतला सल्ला भेंडीला ठीक आहे. तुमच्या भाजीचं निम्मं चुकलं ते तिथेच, असा माझा संशय आहे.

आता आंबटाचं. आपल्याकडे सगळे सांगतात की चिंच-कोकमाने खाज 'मरते', आणि शाळेत सांगतात की आम्लाने स्फटिक विरघळतात. हे स्पष्टीकरण मला अर्धवट वाटतं. चिंचेतलं टार्टरिक आम्ल किंवा कोकमातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल ऑक्झलेटचा थोडा अंश विरघळवेल, पण भाजीत घालतो तेवढ्या कोळाने सगळ्या सुया नाहीशा होणं शक्य नाही. आम्लाचा दुसरा परिणाम प्रथिनांवर होतो. दूध फाटतं तसाच त्यांचा आकार बिघडतो. काकडाचं फळ आंबट आहे तसं तुरटही आहे. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, आणि टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं. (चामडं कमावतात ते याच गुणावर.) म्हणून शेवळाला चिंचेपेक्षा काकड बरं, हे आईचं मत मला रसायनशास्त्राच्या बाजूनेही पटतं.

नुसत्या आंबटावर विसंबू नये याचा पुरावा हवा तर हवाईकडे बघा. तिथल्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मुख्य अन्न म्हणजे अळकुड्या. चिंच नाही, कोकम नाही. कंद तासन्‌तास शिजवायचे, सोलायचे, दगडाने कुटून पोई करायची आणि खायची. किती जुनी आहे ही खटपट? पॅसिफिकमधल्या बुका बेटावर किलू नावाची गुहा आहे. तिथल्या सुमारे २८,००० वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर अळूच्या जातकुळीच्या कंदांचे स्टार्चचे कण सापडले आणि त्यांच्यासोबत या सुयाही. हत्यार धरणाऱ्या माणसाचा मागमूस उरला नाही, पण ज्यांनी त्याचा घसा खवखवला असेल त्या सुया मात्र उरल्या.

आता तुमची शेवळं. हे पान नव्हे, फुलोरा आहे. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटाटस, सुरणाचा सख्खा भाऊ, आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर जगात कुठे रानात उगवत नाही. मृगाच्या आगेमागे जमीन ओली झाली की कंदातून आधी फुलोरा वर येतो, पान नंतर. आणि पान तरी किती, एकच! ठिपकेदार देठावर छत्रीसारखं फाकलेलं. फुलोऱ्याला बाहेरून तपकिरी-जांभळट वेष्टन आणि आत दांडा. दांड्याच्या तळाशी बारीक बारीक मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलं आणि टोकाला लांबलचक वांझ भाग. उमललेल्या शेवळाला घाणेरडा वास येतो, तो किड्यांना बोलवायला. सुरणाचं फूल तर सडक्या मांसासारखं नाक धरायला लावतं. आपण शेवळं उमलायच्या आत खुडून खातो म्हणून वाचतो.

साफ करताना आई दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघायची. बाहेरची पाती सोलली का, आणि दांड्यावरचा दाणेदार पिवळट भाग काढून टाकला का. तो भाग म्हणजेच खरी फुलं, आणि शेवळात सगळ्यात खाजरा तोच. झाडाच्या बाजूने विचार करा, बी जिथे धरायचं तिथेच पहारा कडक असणार. तुम्ही दांडा अख्खा चिरलात असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. म्हणजे काकडं टाकली, पिवळं ठेवलं. नेमकं उलट झालं.

कोकणपट्टीत आणि घाटावर या एका कुळाचे इतके प्रकार खाल्ले जातात की प्रत्येकासाठी वेगळी युक्ती आहे. भाजीचं अळू निराळं, काळपट देठाचं वडीचं अळू निराळं. झाडाच्या फांदीवर पावसाळ्यात उगवतं ते रुखाळू. गोव्यात रानातलं तेरें. विदर्भात अळूला चमकोरा म्हणतात. फदफद्यात आंबट चुका किंवा चिंच, ताकातलं अळू, तळकोकणात आणि गोव्यात आंबाडे, ऋषिपंचमीच्या भाजीत तर अळू आणि सुरण दोघेही. नाव बदललं, आंबट बदललं, पण आंबटाशिवाय आणि पुरतं शिजवल्याशिवाय कोणी खात नाही. सुरण चिरताना हाताला खोबरेल तेल लावायचं, हात कोरडे ठेवायचे, हेही सगळीकडे. सीकेपी घरांत शेवळं सोडे किंवा खिमा घालून होतात. आमच्याकडे वालाच्या बिरड्यात. या विषयावर मी कोणाशी वाद घालत नाही, पण वालच बरोबर आहेत.

'पण बाजारातला सुरण तर खाजत नाही' असं कोणीतरी खाली लिहीलच. बरोबर आहे. आज लागवडीत गजेंद्र नावाचा वाण बराच चालतो. मूळचा आंध्रातला, आणि न खाजणारा म्हणूनच निवडलेला. पिढ्यान्‌पिढ्या कमी खाजरे कंद राखून लावत गेलं की हे साधतं. रानातल्या सुरणाला हे कोणी सांगितलेलं नाही. शेवळाची तर कोणी शेतीच करत नाही, त्यामुळे ते पुरतं रानटीच राहिलं आहे.

या भागात शोधायला अजून बरंच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या श्रीरंग यादव यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९४ मध्ये याच गटातली एक नवी जात जगासमोर ठेवली, अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस. म्हणून रानात ओळख नसलेला फुलोरा दिसला तर फोटो काढा. भाजीचा विचार करू नका. शेवळं ओळखीच्या हातूनच घ्यावीत. ठाकर, कातकरी, वारली बायका जे खुडून आणतात त्यामागे त्यांची नजर आहे, ती नजर फोटो बघून येत नाही.

धाकट्याच्या निमित्ताने एक सांगून ठेवते. शेवळापेक्षा मला तुमच्या बैठकीच्या खोलीची जास्त काळजी आहे. पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया कुंडीत आहे का? तेही याच कुळातलं, मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, आणि ते शिजवायच्या फंदात कोणी पडत नाही. पान चावलं तर जीभ सुजून बोलता येत नाही, म्हणून इंग्रजीत त्याला मुक्याचा ऊस म्हणावं असं नाव पडलं आहे. मनी प्लांटमध्येही सुया आहेत. लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंड्या वर ठेवा. कोणी चावलंच तर तोंड पुसून, खळखळून धुवा, गार दूध द्या. ओठ-जीभ सुजत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल किंवा चीक डोळ्यांत गेला असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू-शेवळं जपूनच खावीत. सुयांव्यतिरिक्त या भाज्यांत पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही असतं. उकळून पाणी फेकून दिलं की ते बरंच कमी होतं, आणि सोबत ताक-दही असेल तर त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ताकातलं अळू केवळ चवीसाठी नव्हतं तर!

फ्रिजमधली जुडी टाकू नका. हाताला तेल लावा. बाहेरची पाती काढा, दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग निर्दयपणे काढून टाका. उरलेलं अगदी बारीक चिरा आणि भरपूर तेलात तपकिरी होईपर्यंत परता. इथे घाई नको. आता काकडं नाहीत, तर चिंचेचा दाट कोळ घाला, पाणी घालून झाकण ठेवा, आणि शिजलं असं वाटल्यावर आणखी पंधरा मिनिटं शिजू द्या. कांदा, आलं-लसूण, वाल किंवा सोडे तुमच्या घरच्या रीतीने. ज्यांना पहिल्या वेळी ओठांना सूज आली असेल त्यांना वाढू नका. बाकीच्यांनी आधी घासभर खाऊन पाच मिनिटं थांबायचं, आमच्याकडे हे काम वडिलांकडे असायचं.

आणि या आठवड्यात स्टेशनकडे जाणं झालं तर मावशींकडून मूठभर काकडं घेऊन या. या खेपेला त्यांचे पैसेही द्या.