वसाहतकाळातली अमेरिका खरंच धार्मिक होती का? आणि बायकी कपडे घालायचा म्हणून बदनाम झालेल्या गव्हर्नर लॉर्ड कॉर्नबरीची वकिली करणाऱ्या इतिहासकार पॅट्रिशिया बोनोमींवर विश्वास कसा ठेवायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी उरकते. होती, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त होती. नुसते 'सभासद' मोजले की चर्चं ओस वाटतात, कारण प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंट, वळणाच्या बऱ्याच चर्चमध्ये पूर्ण सभासद व्हायचं तर आपल्याला देवाच्या कृपेचा अनुभव कसा आला हे सांगून दाखवावं लागे. त्याला घाबरून किंवा कंटाळून कितीतरी लोक जन्मभर नुसते बाकावर बसून घरी गेले. सप्ताहाला बसणारा प्रत्येक जण माळकरी नसतो, तसंच. बोनोमींनी १९८६च्या 'अंडर द कोप ऑफ हेवन'मध्ये हे येणारे-जाणारेही धरले आणि हिशेब पालटला.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

मी न्यू जर्सीत राहते. काही वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी आले होते, तेव्हा न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीत गेलो. तिथे ते चित्र होतं: निळा झगा, हातात पंखा, चेहरा मात्र थोराड, पुरुषी. गाइडपेक्षा भावोजींनाच जास्त माहिती. "हा कॉर्नबरी, इथला गव्हर्नर. इंग्लंडच्या राणी अ‍ॅनचा मामेभाऊ. बायकी कपडे घालून फिरायचा." मी म्हटलं, चित्राखाली तर 'अनोळखी स्त्री' असं लिहिलंय. त्यावर भावोजी म्हणाले, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधीही ऐकलं होतं. आमच्या अण्णांबद्दल.

अण्णा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे खजिनदार होते. दगडकामाचा ठेका सोसायटीच्या पॅनेलप्रमुखाच्या मेव्हण्याला द्यायला ते नाही म्हणाले. पंधरा दिवसांत गावभर झालं की वर्गणीतून यांच्या घरावर स्लॅब पडला. स्लॅब पडला होता, हे खरं. आईच्या पाटल्या मोडून पडला होता. अण्णांनी हिशेबाची वही घेऊन सभेत तीनदा उभं राहायचा प्रयत्न केला. वही कुणी मागितलीच नाही.

म्हणून म्युझियममधून आल्यावर मी लायब्ररीतून बोनोमींचं १९९८चं 'द लॉर्ड कॉर्नबरी स्कँडल' आणलं. बाईंनी काय केलं? वही मागितली. कॉर्नबरी १७०२ ते १७०८ न्यूयॉर्कचा गव्हर्नर, न्यू जर्सीही त्याच्याचकडे. कपड्यांची गोष्ट येते ती तिघांच्या पत्रांतून, १७०७ ते १७०९ मधल्या. एक रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, ज्याचे पैशांचे दावे सरकारात अडकलेले. एक लुईस मॉरिस, ज्याला कॉर्नबरीने कौन्सिलमधून, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातून, निलंबित केलेलं. तिसरा एलियास नो, गुलामांना धर्मशिक्षण देणारा. 'मी स्वतः पाहिलं' असं तिघांपैकी एकही म्हणत नाही. लिव्हिंग्स्टनची तर सुरुवातच 'असं म्हणतात' अशी. आणि न्यू जर्सीच्या असेंब्लीने, म्हणजे निवडून आलेल्या सभेने, १७०७ मध्ये कॉर्नबरीविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचला, त्यात लाचेपासून सगळं आहे, झग्याचं अवाक्षर नाही. बाजारात रोज दिसणारी गोष्ट तक्रार लिहिताना बरी विसरली! चित्राला त्याचं नाव चिकटलं तेही तो वारल्यावर कितीतरी दशकांनी.

याला वकिली म्हणत असाल तर अण्णांनाही असा एखादा वकील मिळायला हवा होता.

आता धर्माचा धागा. कॉर्नबरी कट्टर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचा, आणि वसाहतीत बहुसंख्य लोक दुसऱ्या पंथांचे. जानेवारी १७०७ मध्ये फ्रान्सिस मॅकेमी या प्रेस्बिटेरियन (वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) धर्मोपदेशकाने परवान्याशिवाय एका घरात प्रवचन केलं म्हणून कॉर्नबरीने त्याला तुरुंगात टाकलं. मॅकेमीने इंग्लंडचा १६८९चा सहिष्णुतेचा कायदा पुढे केला आणि ज्युरीने त्याला सोडलं, तरी खटल्याचा खर्च त्याच्याच माथी मारला, ऐंशी पौंडांहून जास्त. अशा माणसाचे शत्रू किती असतील, ते त्याच्याबद्दल काय काय पिकवतील, हा अंदाज कुठल्याही गावातल्या माणसाला येईल. बोनोमींचा मोठा मुद्दाही इथेच आहे: चर्चमधली भांडणं, पाद्र्याशी वाद, मंडळी फुटणं यातून लोकांना अधिकाऱ्याला उलट बोलायची सवय लागली, ती पुढे राजकारणात उतरली. हे मला पूर्ण पटतं. आमच्याकडे सोसायटीची निवडणूक देवळातच ठरायची.

हो, कॉर्नबरी काही संत नव्हता. पदावरून काढल्यावर कर्जापायी अटकेत पडला आणि १७०९ मध्ये वडिलांची उमरावकी मिळाल्यावर सुटला. कर्ज खरं, मॅकेमीचं प्रकरणही खरं. आणि बोनोमींचे चर्चचे आकडे फुगलेले आहेत असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, अकाउंट्सची आहे. तुम्ही आधी १९८६चं वाचा की १९९८चं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी उलट्या क्रमाने वाचलं.

भावोजी, हे ताई तुम्हाला वाचून दाखवेलच. अण्णांची वही आता माझ्याकडे, इथे न्यू जर्सीत एडिसनला आहे. सोनाराची पावती शेवटच्या पानाला टाचलेली आहे.