बेसबॉलवर पैज लावताना पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) ईआरए हा आकडा पाहणे पुरेसे आहे का?

नाही. ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे पिचरच्या खाती पडलेल्या धावा, यात क्षेत्ररक्षकांचे कसब आणि नशीबही मिसळलेले असते, तर एफआयपी हा ईआरएच्याच मापातला, पण क्षेत्ररक्षण वगळणारा आकडा मुख्यतः स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि होमरन (बहुधा मैदानाबाहेर जाणारा, थेट धाव देणारा फटका) मोजतो. आमच्या मालवणात कालच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, किती मासळी लागली एवढ्यावरून उद्याचा अंदाज कोणी बांधत नाही, वारा आणि पाणीही पाहतात. ईआरए एफआयपीपेक्षा बराच कमी असल्यास तो पुढे वाढण्याचा संभव अधिक असतो. मैदानही पाहावे; डेन्व्हरचे कूर्स फील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि धावा जास्त होतात. मात्र पैजेचे भाव ठरवणाऱ्यांनाही हे सारे ठाऊक असते, शिवाय भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी असल्याने आपण अंदाज वहीतच मांडून पडताळावेत, ही कळकळीची विनंती.