पहिला फर्मा अनोळखी माणसांचा

अरे, तुझ्या नव्या अंकाचा जाहीरनामा वाचला. भाषा चांगली आहे, फक्त ‘विद्रोह’ आणि ‘वारसा’ एकाच वाक्यात दोनदा आलेत ते बघ. पण मी लिहितेय ते त्यावर नाही. परवा निघताना दारात चप्पल घालता घालता तू विचारलंस की अंकाची सुरुवात त्या मोठ्या कवींच्या कवितांनी करू की इंदापूरहून आलेल्या त्या बाईंच्या चौदा पानांनी, आणि वर म्हणालास, बाईंचं शुद्धलेखन फार कच्चं आहे पण वाचून रात्री झोप नाही लागली. तुझे दोन मित्र सोबत होते म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. झोप नाही लागली ना? मग विचारतोस काय?

अंक चौसष्ट पानांचा म्हणालास, म्हणजे एकेका कागदावर छापायचे सोळा-सोळा पानांचे चार फर्मे. पहिला फर्मा अनोळखी माणसांचा. उरलेल्या तिघांत तुला काय घालायचा तो गोंधळ घाल.

तुम्हा पोरांना लघुनियतकालिकांची, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या बंडखोर अंकांची, चळवळ म्हटलं की होळी आठवते. १९६९ साली राजा ढाले आणि मंडळींनी गिरगावात ‘मौज’ प्रकाशनाच्या दारात त्यांच्या प्रतिष्ठित ‘सत्यकथा’ मासिकाचा अंक जाळला, हे तुझ्या जाहीरनाम्यात पहिल्याच परिच्छेदात आहे. असू दे. पण त्याच्या कितीतरी आधी, पन्नासच्या दशकात, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही पोरं ‘शब्द’ काढत होती, सायक्लोस्टाइल करून. चित्रे तर विशीही न गाठलेला. तू ते यंत्र बघितलं नसशील. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, चूक झाली की वरून करेक्शनचं पातळ लावून फुंकर मारत बसायचं, मग ते स्टेन्सिल रोलरवर चढवून हँडल फिरवायचं, हात-बाही सगळी शाईनं काळी, आणि काही प्रती निघाल्या की ‘क’चं पोट फाटायला लागतं. एवढी झकमारी कोणासाठी? ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांच्यासाठी, आणि त्यात ते स्वतःही आलेच, कारण कोलटकरांना तेव्हा कोण ओळखत होतं! त्यांचा पहिला मराठी संग्रह यायला १९७७ उजाडलं, तोही अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनानं काढला. आज तू त्यांचं नाव मुखपृष्ठावर टाकून मागे ओळीत उभा राहतोयस, त्यात धाडस काय?

आणि लहान अंक म्हणजे शूर, मोठा अंक म्हणजे विकलेला, हे डोक्यातून काढ. शहाण्यांचा मराठी साहित्यावरचा तो ‘क्ष’ किरणवाला लेख १९६३ साली ‘मनोहर’मध्ये आला होता, जे घरोघरी जायचं. ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख छापला तो आपल्या पुण्यातल्या ‘साधना’नं, १५ ऑगस्ट १९७२च्या अंकात, संपादन अनिल अवचटांचं. सानेगुरुजींचं साप्ताहिक ते! त्यावरून केवढा गदारोळ झाला. आणि तिकडे औरंगाबादला गंगाधर पानतावणे दलित साहित्याचं ‘अस्मितादर्श’ घेऊन वर्षानुवर्षं बसले, मेळावे घेतले, ज्यांनी आधी एक ओळ छापलेली नव्हती त्यांना लिहितं केलं. त्यांनी काही जाळलं नाही म्हणून तुझ्या चार पानांत त्यांना अर्धी ओळ? हे मला आवडलेलं नाही, स्पष्ट सांगते.

बरं, ज्या सत्यकथेला तू शिव्या घालतोस तिथले संपादक राम पटवर्धन नवीन लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे, इथे कथा सैल पडलीय, हे पात्र नीट बघा, असं. १९८२ला सत्यकथा बंद पडली तरी लोकांनी ती पत्रं जपून ठेवलीत. तुझ्या इनबॉक्समध्ये किती जणांचं न उघडलेलं पडलंय? मी तुझ्या मोबाइलवर बघितलं, तो लाल आकडा. आधी तो संपव, मग वारसा.

आता एक बोलून टाकते, राग आला तर येऊ दे. त्या चळवळीतल्या बायकांची नावं घे बघू. थांबलास ना? मी ज्या अंकाच्या बैठकांना जायचे, सदाशिव पेठेतली खोली, सगळे बंडखोर, तिथं मला पत्त्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवायचे कारण माझं अक्षर चांगलं. माझी कविता वाचायची वेळ येईपर्यंत शेवटच्या पीएमटी बसची वेळ झालेली असायची. जगाला ओळखीचं झालेलं सगळं त्यांना नको होतं, पण खोलीत मात्र ओळखीचेच चेहरे. म्हणून मी वेगळा अंक काढला आणि नियम केला, पहिला फर्मा अनोळखी माणसांचा.

त्याचं काय झालं ते तुला बाहेर कळेलच, माझ्याकडूनच ऐक. एका फार नामवंत कवींनी न मागता कविता पाठवल्या, सोबत चिठ्ठी, ‘पहिल्या पानावर घ्याव्यात.’ मी लिहिलं, चौथ्या फर्म्यात जागा आहे. झालं! पुढच्या वर्षी वर्गणीदार गळले, जाहिरात देणारा फोन घेईना, समारंभांची बोलावणी थांबली. अजून लोक म्हणतात हिनं हट्टापायी अंक मारला, माणसं तोडली. मी कोणाला तोडलं नाही, ते पहिल्या पानावर बसायला आले होते आणि ती जागा भरलेली होती. तिथे एका एसटी कंडक्टरची कथा होती, तिकिटाच्या हिशेबात चार रुपये कमी पडतात एवढीच गोष्ट. त्यानं पुढे काही लिहिलं नाही. नसेल लिहिलं! कथा अजून वाच, कुठे ढळत नाही. मला त्या निर्णयाबद्दल आजही एवढंसं वाटत नाही, वाटतं ते याचं की तेव्हा माझ्या बाजूनं एकानंही दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि त्यातले निम्मे पहिल्या फर्म्यातूनच वर आलेले होते. जाऊ दे.

तुझे मित्र आत्ता एकमेकांच्या कविता छापायला निघालेत. प्रत्येकाची एक, म्हणजे कोणी रुसायला नको. असे अंक पुण्यात किती निघाले आणि किती गेले, डेक्कनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत हाताला लागतात.

बाकी बारीकसारीक तू माझ्यापेक्षा पटकन करशील. नोंदणीचं आता ऑनलाइन आहे, १८६७चा कायदा जाऊन २०२३चा आलाय. स्वस्तातलं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद केलं, तेव्हा टपालखर्च आधी काढ, नाहीतर अंक छापून घरात पडून राहील. बाईंची पानं स्वतः टाइप कर, डीटीपीवाल्याकडे देऊ नकोस, तो सवयीनं ‘पानी’चं ‘पाणी’ करून टाकेल आणि तुला कळणारही नाही. मी ती पानं बघितली, पट्टीनं समास आखलाय, खाडाखोड एका जागी, नवऱ्याच्या नावाशी. ती खाडाखोड का आहे ते त्यांना विचार, पण छापण्याआधी विचार. आणि पत्र लिही, व्हॉट्सॲप नको.

कवींना मीच फोन करते, चौथ्या फर्म्याचं सांगते, शिव्या खायची मला सवय आहे. कागदाचा भाव विचारायला अप्पा बळवंत चौकात सोबत येते. गुरुवार नको, गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं, बुधवारी भरून ठेवण्यात संध्याकाळ जाते. शुक्रवारी अकराला ये.