जुन्या जीपचा डावा हेडलाइट मंद लागतो, दोनदा बल्ब बदलला, आता पूर्ण वायरिंग बदलू की एलईडी टाकू?

भाऊ, दोन्ही करू नका. आधी अर्थ पाहा, म्हणजे बल्बमधून करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. तुम्ही स्वतःच लिहिलंय की डिपरवर (खालच्या उजेडावर) डावा दिवा पिवळा लागतो आणि डॅशबोर्डच्या मीटरमधला अपरचा (लांबच्या उजेडाचा) निळा दिवाही बारीक मिणमिणतो, त्यातच उत्तर आहे. डाव्या बल्बला अर्थ मिळत नाही म्हणून करंट त्याच बल्बच्या अपरच्या तारेत घुसतो आणि उजव्या दिव्याकडून वाट काढतो, जाता जाता मीटरचा दिवाही पेटवतो. बल्ब कितीही बदला, फरक पडणार नाही.

इतक्या जोरात सांगतोय कारण याच गोष्टीपायी मला चारचौघांत आंधळा ठरवलं गेलं.

आमचं गाव दिग्रसजवळ. घरी 97 ची डिझेल जीप आहे, बाबांनी घेतलेली, कापूस, खताच्या बॅगा, वऱ्हाड सगळं तिनेच वाहिलं. एकदा समोरून ठोकली गेली म्हणून डेंटिंग-पेंटिंगला टाकली, आणि तिथून आली तेव्हापासून उजेड कमी वाटायचा, पण मी म्हटलं काचा जुन्या झाल्या असतील. त्या हिवाळ्यात यवतमाळचं लग्न आटोपून रात्री परत येत होतो, मागे बायको, साळी, लेकरं आणि माझ्या बाजूला साडभाऊ. दारव्हा सोडलं आणि तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) निघाला. मला दिसला तोपर्यंत पंधरा-वीस पावलांवर आला होता. ब्रेक दाबला, गाडी वळवली, डावं चाक नालीत गेलं. देवाची कृपा, कोणाला खरचटलंही नाही. पण साडभाऊ तिथेच लेकरांसमोर बोलले, "तुले राती दिसत नाही तं गाडी कायले चालवतं बाप्पा?" ही गोष्ट सासऱ्यांपर्यंत गेली. बायको म्हणाली एकदा डोळे दाखवून घ्या नं. दाखवले. नंबर निघाला नाही. तरी साडभाऊंचं तेच पालुपद, आणि वरून त्यांनीच आग्रहाने 100/90 वॅटचे बल्ब आणून लावायला लावले. आठ दिवसांत होल्डर वितळला. वितळणारच, 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो आणि 100 चा 8 च्या वर, जुनी तार आणि स्विच ते कुठून सोसणार? आणि उजेड तसाच राहिला, कारण वाट जिथे अडली आहे तिथून जास्त करंट न्यायला गेलं की व्होल्टेजही तिथेच जास्त मरतं. शिवाय हे बल्ब रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही.

ऑटो इलेक्ट्रिकवाल्याने पूर्ण वायरिंगचे सात हजार सांगितले. मी एका रविवारी व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन स्वतः बसलो. इंजिन चालू, डिपर चालू, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन होल्डरच्या अर्थच्या पायाला. चांगला अर्थ असेल तर 0.2 व्होल्टच्या आत दाखवतो. माझ्याकडे 2.1 आले. काळ्या तारेच्या मागे मागे गेलो, जाळीच्या आतल्या बाजूला बोल्ट. पेंट करणाऱ्याने अर्थची जागाही रंगवली होती आणि थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) रंगावरच कसला होता, रंगातून अर्थ येतो का कधी? थिंबल हिरवा पडलेला. 10 नंबरचा पाना, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवा थिंबल, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीवर लाइट मारला तेव्हा बाबा खाटेवरून उठून पाहायला आले. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड 30 टक्क्यांच्या आसपास पडतो. माझे तर दोन व्होल्ट जात होते. म्हणजे त्या रात्री मला दिसत नव्हतं हे खरं, पण डोळ्यांमुळे नाही.

तुमच्याकडे मीटर नसेल तर एक लांब तार घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या अर्थच्या पायाला. दिवा एकदम पांढरा झाला की झालं, बोल्ट शोधा. जीपची बॉडी चेसिसवर रबरावर बसते म्हणून बॅटरी ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी हे अर्थचे दोन पट्टेही पाहून घ्या. एलईडीचं म्हणाल तर आपला डूम (दिव्याच्या आतला आरसा) हॅलोजन बल्बमधल्या तारेच्या जागेप्रमाणे बनलेला आहे, एलईडीने उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. वाईट अर्थ तर तसाच राहील.

दोन गोष्टी राहिल्या. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी डायनामोचं चार्जिंग आणि मग स्विच पाहा, रिलेही टाकून घ्या, बॅटरीवरून फ्यूज घालून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला तार आणि 87 नंबरच्या पिनेवरून बल्बला. आणि काही जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूनेच असतो, तिथे माझी ही तारेची पद्धत लागू नाही. जीपला चालते. बोल्ट खोलताना बॅटरीचा मायनस मात्र आधी काढा.

थिंबल हिरवा निघाला तर फोटो नक्की टाका. माझाही मी डबीत जपून ठेवलाय, साडभाऊ येत्या मे महिन्यात गावी येणार आहेत.