ट्रॅकसाठी ताकद हवी? पार्ट घेण्याआधी मिश्रण मोजा

300 सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची मोटरसायकल), त्यावर स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर बदललेला), एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा मूळ डबा) काढून कोन (शंकूच्या आकाराचा उघडा) फिल्टर, आवाज दणदणीत. पण 8,500 आरपीएमच्या वर गाडी ओढतच नाही. आणि वर्कशॉपवाले म्हणतात, 'थोडी चालवा, ईसीयू (इंजिनाचं इंधन ठरवणारा संगणक) आपोआप शिकेल.' तुमचं हे वर्णन वाचलं आणि राहवलं नाही. हेच दुखणं मीही सोसलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

ईसीयू शिकत नाही. निदान तुम्हाला हवं तिथे तर नाहीच. एक्झॉस्टमधला मूळ ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. हवा-इंधनाचं मिश्रण 14.7 च्या (इंधनाच्या वजनाच्या 14.7 पट हवा) अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्याला कळतं. रमतगमत चालवताना ईसीयू त्याचं ऐकून इंधन कमी-जास्त करतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो सेन्सरकडे ढुंकूनही बघत नाही. थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती आहे, एवढ्यावर आधीच ठरलेल्या तक्त्यातून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते घेतो. हवा प्रत्यक्षात किती आली, हे तिथे कुणीच मोजत नाही. तुम्ही हवेची वाट मोकळी केली, इंधन होतं तेवढंच राहिलं. म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानानं इंधन कमी. ट्रॅकवर गाडी बहुतेक वेळ याच भागात चालते.

पूर्ण थ्रॉटलला चांगली ताकद साधारण 12.8 ते 13.2 या पट्ट्यात मिळते. 14 वर गेलात की ताकद पडते, तापमान चढतं, आणि लांब स्ट्रेटवर नॉकिंग (मिश्रणाचं अवेळी, आपोआप पेटणं) सुरू झालं तर हेल्मेटमध्ये ते ऐकूही येत नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर गाडी तिथेच बंद करा. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त फटका बसला ती. एका ट्यूनिंग सेंटरचा (नाव घेत नाही, वाद नकोत) डायनो (चाक रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र) ग्राफ. रंगीत, लॅमिनेट केलेला, वर 'आधी' आणि 'नंतर'. त्यात हवा-इंधन गुणोत्तराची रेघच नव्हती! 'आधी'चा ग्राफ एसएई करेक्शननं (हवामानाचा फरक काढून टाकणारं सूत्र) काढलेला, 'नंतर'चा एसटीडी या दुसऱ्या सूत्रानं. एसटीडी मुळातच सुमारे 4 टक्के जास्त दाखवतं, म्हणजे वाढलेली म्हणून दाखवलेली ताकद कागदावरच वाढली होती. रनची (डायनोवरच्या एका मोजणीची) मूळ फाईल मागितली तर 'ती आम्ही देत नाही'. मग पैसे कशाचे घेतले, ते देव जाणे.

म्हणून डायनोवर जाताना आधीच बोलून घ्या. वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा) लावणार का? करेक्शन दोन्ही वेळा एकच ठेवणार का? आकडा चाकावरचा की क्रँकवरचा? (चाकावर साधारण 10 ते 15 टक्के कमी येतो, त्यामुळे कंपनीच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.) गिअर, टायरमधली हवा, गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण आणि रन सुरू करतानाचं इंजिनाचं तापमान प्रत्येक वेळी सारखं हवं. तीन रन एकमेकांवर बसत नसतील तर तो ग्राफ विसरा. आणि शक्य असेल तर पहिला रन मूळ एअरबॉक्स, मूळ एक्झॉस्टवर. एका वेळी एकच बदल.

वाइडबँडसाठी बहुतेक वेळा 18 मिमीचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) हेडरला (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपला) वेल्ड करावा लागतो, दोन्ही पाइप एकत्र येतात त्याच्या लगेच पुढे. त्याच्या आधीच्या जोडांत गळती नको. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो. मग तुम्ही इंधन वाढवत बसता आणि गाडी आणखी मंद होते. ट्विनमध्ये हा आकडा दोन्ही सिलिंडरची सरासरी असतो हेही ध्यानात ठेवा. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवले की फरक कळतो.

हिशोब सोपा आहे. मोजलेलं 14, हवं 13, तर 14 भागिले 13, म्हणजे साधारण 7.7 टक्के इंधन जास्त. एकदम घालू नका. 5 घाला, रन घ्या, मग उरलेलं. हे पॉवर कमांडरसारख्या पिगीबॅकनं (ईसीयूला जोडायचा वेगळा डबा) होतं, ईसीयू फ्लॅशनंही (ईसीयूतले तक्तेच पुन्हा लिहून). फ्लॅशमध्ये इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि रेव्ह लिमिटही (आरपीएमची कमाल मर्यादा) हाताशी येतं, आणि तिथेच लोक वाहवतात. 13,000 चं लिमिट 14,000 केलं तर कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा भार 16 टक्के वाढतो. ताकदीचा ग्राफ 12,000 लाच खाली वळला असेल तर वरचे हजार फक्त आवाजाचे. इंजेक्टरची मर्यादाही बघा: 11,000 आरपीएमला दोन फेऱ्यांना मिळून 10.9 मिलिसेकंद लागतात, त्यातले 85 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ इंजेक्टर उघडा राहत असेल तर मोठा इंजेक्टर हवा.

कोन फिल्टरबद्दल माझं मत कडवट आहे. काढून टाका आणि एअरबॉक्स परत बसवा. एअरबॉक्स म्हणजे नुसता डबा नाही; त्याचं आकारमान आणि नळ्यांची लांबी ठरावीक आरपीएमला सिलिंडर नीट भरावेत म्हणून जुळवलेली असते. उघडे कोन रेडिएटरमागची गरम हवा पितात, आणि 30 अंशांवरून 40 वर गेलेली हवा सुमारे 3 टक्के विरळ असते. मूळ डब्यात चांगला पॅनेल फिल्टर घाला, पुरे. 'रॅम एअर'च्या (समोरचा वारा इंजिनात ढकलणाऱ्या) नळ्याही नकोत. 150 च्या वेगाला वाऱ्याचा सगळा दाब पकडला तरी तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 1 टक्का भरतो.

एक्झॉस्टमध्ये फायदा पूर्ण सिस्टिमचा. स्लिप-ऑननं वजन उतरतं, बाकी फारसं काही नाही.

वजनावरून आठवलं. गाडी 170 आणि स्वार 70, मिळून 240 किलो. आरसे, दिवे, मागचे फूटरेस्ट, जड बॅटरी काढून 10 किलो उतरवले तर वेग पकडताना 4 टक्के ताकद वाढवल्यासारखंच. चाकावर 36 एचपी असेल तर दीड एचपी. इंजिन न उघडता! मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 42 चं 44 केलं की पुढच्या 14 दातांवर प्रत्येक गिअरला 4.8 टक्के जास्त ओढ. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे तीन वाढवल्यासारखं, तो बदल सहसा जास्त होतो. स्ट्रेटच्या शेवटी सहाव्या गिअरला लिमिटर लागत असेल तर मात्र उलटं जावं लागेल. टॉप स्पीडसाठी ताकदीच्या मागे लागू नका. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, 10 टक्के ताकदीला जेमतेम 3 टक्के वेग मिळतो.

कॉम्प्रेशन वाढवणं आणि बिग बोअर (सिलिंडर रुंद करणं) हे सगळं मिश्रण ताब्यात आल्यावर. तरी दोन इशारे. पातळ हेड गॅस्केट घालाल तर आधी पिस्टनच्या माथ्यावर क्ले लावून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवा आणि व्हॉल्व्हची जागा मोजा. इनटेकला 1 मिमीच्या आत आलं तर थांबा. आणि निकासिलचा (निकेलयुक्त कठीण लेपाचा) थर असलेला सिलिंडर नुसता बोअर करता येत नाही, थर पुन्हा चढवावा लागतो. 'करून देतो' म्हणणाऱ्याला आधी थर कुठे चढवणार ते विचारा.

हे सगळं फक्त ट्रॅकच्या गाडीसाठी. रस्त्यावर चालवायची असेल तर प्रदूषण, विमा, वॉरंटी हे प्रश्न तुमचे. तुमचं इंजिन मी पाहिलेलं नाही, आकडे तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलशी पडताळून घ्या.

जाता जाता: ताकद वाढल्यावर क्लच घसरायला लागला तर आधी ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का बघा, कारचं ऑइल घातलेलं निघतं. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्यायचा असेल तर एनजीकेत आकडा मोठा आणि बॉशमध्ये लहान घ्यावा लागतो. आणि ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असेल तर मॅप (इंधनाचा तक्ता) डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज कमी करणारा तुकडा) लावूनच करून घ्या. तो काढून केलेला मॅप तो लावल्यावर जुळत नाही.