फॅरो म्हणजे सूर्यपुत्र? कोणी सांगितलं?

प्रश्न असा आलाय की 'फॅरो', म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा, याचा अर्थ 'सूर्यपुत्र' असा वाचला तो बरोबर का, आणि तिथे गादीवर बसलेली हॅटशेपसूट बाई होती तर फॅरोचं स्त्रीलिंग काय करायचं.

सूर्यपुत्र साफ चूक. इजिप्तवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, दुसऱ्या मिनिटाला हेच, डोकं उठतं. 'रा देवाचा पुत्र' ही राजाची पदवी होती, पण ती वेगळी, 'सा-रा', बदक आणि सूर्य काढून लिहायचे. फॅरो म्हणजे 'पेर-आ', मोठं घर. लिहायचेही तसंच, खाली दारापुरती फट ठेवलेला चौकोन म्हणजे घर आणि त्याला जोडून आडवा खांब म्हणजे मोठं. ''वर्षा'वरून फोन आला' म्हटल्यावर बंगल्याने फोन केला असं कोणी समजतं का? तसंच हे. आधी राजवाडा, मग अठराव्या घराण्यात, इ.स.पू. 15व्या शतकाच्या आसपास, खुद्द राजा. म्हणजे 'फॅरो खुफू' हेही चूकच, तो मोठ्या पिरॅमिडवाला बिचारा हजार वर्षं आधीचा. 19व्या शतकात विल्किन्सनसारख्या बड्या अभ्यासकाने याचा संबंध सूर्याशी जोडला आणि लोक अजून तेच धरून बसलेत, चित्रात घर ढळढळीत दिसत असताना!

पण खरी गंमत पुढेच आहे. प्राचीन इजिप्तच्या याच भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक, त्यात पुल्लिंगी नामाआधी 'प' लागतो आणि स्त्रीलिंगी नामाआधी 'त', इंग्रजीतल्या 'द'सारखा. तोवर 'पेर-आ' झिजून 'पेर्रो' झालेला, लोकांना वाटलं हा 'प' तोच, दिला काढून! उरलं 'एर्रो', म्हणजे राजा. घरातला 'घ'च उडाला. इंग्रजीत 'अ नॅप्रन'चं 'अ‍ॅन एप्रन' झालं ते याच जातीचं. माझं तर मत आहे की वाडा डोळ्यासमोर असता तर हे झालंच नसतं, तोवर इजिप्तचा राजा रोमला नाहीतर कॉन्स्टँटिनोपलला बसायचा, मग 'पेर' म्हणजे घर हे आठवणार कोणाला? उच्चार झिजले म्हणून अर्थ हरवला असं व्याकरणवाले म्हणतील, म्हणू देत, मला ते अर्धवट वाटतं.

आणि एकदा 'प' सुटा झाल्यावर त्याजागी 'त' लावून 'तेर्रो' म्हणजे राणी, तेही तयार. हां, हॅटशेपसूट राहिलीच, पण ती कॉप्टिकच्या कितीतरी आधीची, तिला 'तेर्रो' चालायचं नाही, मराठीत सरळ 'फॅरो हॅटशेपसूट' लिहा, 'फॅरोण' बिरोण नको.