महाराष्ट्राची राज्यघटना कुठे मिळेल?

तुमचा मुलगा टेक्सासात आहे, तिथल्या राज्याला स्वतःची घटना आहे असं तो सांगतो, आणि मग महाराष्ट्राची घटना कुठल्या दुकानात मिळेल, असं तुम्ही विचारलंय. दुकानात मिळणार नाही, कारण वेगळं पुस्तकच नाही. भारताच्या राज्यघटनेचा सहावा भाग उघडा, कलम 152 ते 237. राज्यपाल, मंत्रिमंडळ, विधिमंडळ, उच्च न्यायालय, जिल्हा न्यायालयं सगळं तिथे आहे. महाराष्ट्राला तेच, बिहारलाही तेच. आपल्यापुरतं (आणि गुजरातपुरतं) खास म्हणावं असं कलम 371(2), विदर्भ-मराठवाड्याच्या विकास मंडळांचं. जम्मू-काश्मीरची वेगळी घटना 26 जानेवारी 1957 पासून होती, ती 2019 ला संपली.

खरा फरक घटना बदलायची कुणी, यात आहे. टेक्सासची घटना 1876 ची. तिला पाचशेहून जास्त दुरुस्त्या झाल्यात, आणि प्रत्येक दुरुस्ती दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनंतर जनतेच्या मतदानाला टाकावी लागते. आपल्याकडे विधानसभेने एकमताने ठरवलं तरी सहाव्या भागातला स्वल्पविराम हलत नाही. उलट संसदेने ठरवलं तर राज्यपाल आणि विधिमंडळाची बहुतेक कलमं निव्वळ विशेष बहुमताने (दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश आणि एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतांनी) बदलतात, राज्यांना विचारावंही लागत नाही. उच्च न्यायालयाच्या प्रकरणाला हात लावायचा असेल तर मात्र निम्म्या राज्यांची संमती लागते. विधानपरिषद नको झाली तरी कलम 169 प्रमाणे विधानसभेने ठराव करायचा आणि दिल्लीकडे बघत बसायचं. आंध्रने 2020 च्या जानेवारीत तो ठराव केला, संसदेत कायदा झालाच नाही आणि पुढच्या वर्षी त्यांनीच ठराव मागे घेतला.

हे असंच व्हायचं ठरलेलं होतं असं मात्र नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थानांनी आपापल्या घटना समित्या नेमाव्यात अशी कल्पना होती. सौराष्ट्र, म्हैसूर, त्रावणकोर-कोचीनला त्या बसल्याही. 1949 च्या मे महिन्यात मात्र एकच घटना सगळ्यांना लागू करायचं ठरलं. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, पाचशेवर संस्थानांचं गाठोडं बांधायचं होतं. पण हातचं काहीतरी गेलं, आणि ते आपल्याच सातारा-सांगलीतलं होतं.

औंध संस्थान. माझे आजोबा आटपाडीकडचे, म्हणजे औंधची रयत. संस्थान जेमतेम 72 गावांचं, तेही तुकड्या-तुकड्यांत: औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 ला कायदा करून सत्ता रयतेच्या हाती दिली. मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर. रचना खालून वर. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याची समिती, आणि तालुक्यातून संस्थानच्या विधिमंडळात माणसं जायची. गावातले तंटेसुद्धा पंचायतीपुढेच. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं आणि ती घटनाही संपली.

आता पुन्हा सहावा भाग बघा. राज्यपालापासून सुरू होतो, जिल्हा न्यायालयांपर्यंत येतो आणि थांबतो. गाव नाही. 1950 ला गाव होतं ते कलम 40 मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात दाद मागता न येणाऱ्या कलमांत. ग्रामपंचायती राज्याच्या कायद्याने चालत होत्या, पण घटनेच्या नवव्या भागात त्या आल्या 24 एप्रिल 1993 पासून, औंधनंतर 54 वर्षांनी. तेव्हा प्रत घेतलीत की सहावा भाग झाल्यावर लगेच नववा वाचा, मधले नंतर वाचले तरी चालतील.